बोलता सातबारा



तुमच्या घरी सातबारा कुठे ठेवलेला असतो? बहुतेक घरांत तो ट्रंकेत लुगड्याच्या घडीखाली, नाहीतर देवाच्या तसबिरीमागे प्लॅस्टिकच्या पिशवीत असतो. आता तो मोबाइलवरही निघतो. त्यावर गट नंबर असतो, क्षेत्र असते, मालकाचे नाव, कर्जाचा बोजा आणि पेरलेले पीक असते. पण धुऱ्यावरचा आंबा कोणी लावला, विहिरीला किती हातांवर पाणी लागले, ती कोणत्या दुष्काळात आटली, पुराचे पाणी कुठवर चढले होते, कोणत्या तुकड्यात हरभरा हमखास मरतो, हे त्या कागदावर कुठेच नसते. ते असते तुमच्या सपरीत खाटेवर बसलेल्या म्हाताऱ्या माणसाजवळ. मी त्या माणसाला बोलता सातबारा म्हणतो. कागदाचा सातबारा हरवला तर तलाठ्याकडून नक्कल मिळते. या दुसऱ्याची नक्कल कुठेच मिळत नाही.

मी शेतीची पदवी घेतलेला माणूस. तीस वर्षे कृषी विस्तार अधिकारी म्हणून गावोगाव फिरलो. एरवी मला बियाणे, खत आणि किडीवर बोलायची सवय. पण आज ज्या विषयावर लिहितो आहे, त्यात मी स्वतः दोनदा चुकलो. एका चुकीची भरपाई थोडीफार झाली, दुसरीची झाली नाही. तुमच्याकडून तशी चूक होऊ नये म्हणून हा खटाटोप.

पहिली चूक नोकरीच्या तिसऱ्या वर्षीची. तेव्हा आमच्या भागात सोयाबीन नवे होते आणि मला त्याचे एक प्रात्यक्षिक लावायचे होते. वर्धा नदीकाठच्या एका गावात एका शेतकऱ्याचे काळेभोर, सपाट वावर मला पसंत पडले. नकाशा पाहिला, तर नदी चांगली दूर होती. आम्ही धुऱ्यावर उभे असताना शेजारचे एक आबाजी काठी टेकत आले. त्यांनी मला विचारले, "बाबू, इथं पेरतं का?" मी हो म्हटले. ते म्हणाले, "नको पेरू. इथं पाणी येते."

मी त्यांना नकाशा दाखवला. नदी केवढी लांब आहे ते सांगितले. त्यांनी नकाशाकडे पाहिलेही नाही. म्हणाले, "नदी इथं समोरून येत नाई, बाप्पा. मांगून येते. नाल्यानं."

मी हसलो. माझ्या वयाला आणि पदवीला ते शोभलेही असेल. पेरणी झाली, पीक गुडघ्याला लागले, आणि मग आठवडाभराची झड लागली. नदी फुगली. नदीत जाणारा नाला तुंबला आणि त्याचे पाणी उलटे चढत मागच्या बाजूने त्या वावरात शिरले. चार दिवस हलले नाही. पाणी उतरले तेव्हा सोयाबीन कुजून काळे पडले होते. त्या शेतकऱ्याने मला एका शब्दाने दोष दिला नाही. घरी नेले, चहा दिला. तो चहा मला गिळवेना. बियाणे सरकारचे होते, पण हंगाम त्याचा होता.

पुढे मी त्या आबाजींकडे मुद्दाम जाऊन बसू लागलो. पाणी कोणत्या नाल्याने कसे येते, आधी कोणता खोलगट भाग भरतो, किती वेळाने रस्ता तुटतो, हे सारे त्यांनी मला वावरावावरातून हिंडून दाखवले. मी ते वहीत उतरवले. त्यांना हे त्यांच्या बापाने दाखवले होते आणि बापाला आज्याने. २०२२ च्या जुलैत वर्धेला मोठा पूर आला तेव्हा आबाजी कधीच गेलेले होते. पाऊस थांबेना तशी मी संध्याकाळी वही काढली आणि त्याच शेतकऱ्याच्या मुलाला फोन केला. म्हटले, "नदीकडे पाहू नका, नाल्याकडे पाहा." त्यांनी रात्रीतूनच शेळ्या, बैल आणि खताची पोती उंचावरच्या घरात हलवली. पहाटे गोठ्यात कमरेइतके पाणी होते. पीक गेलेच, ते वाचणार नव्हते. पण दावणीचे एकही जनावर गेले नाही. मुलाने नंतर विचारले, "साहेब, तुमाले कसं माईत?" मी म्हटले, "तुमच्याच शेजारच्या आबाजींनी सांगून ठेवलं होतं."

आता दुसरी चूक. ती माझ्याच घरातली आहे.

आमचे गाव माजरी. चंद्रपूर जिल्ह्यात, भद्रावती तालुक्यात. रेल्वेचे जंक्शन आहे, इथून वणीकडे फाटा जातो. जमीन काळी कसदार, पण तिच्या पोटात कोळसा. त्यामुळे आमचे बालपण अर्धे पऱ्हाटीत आणि अर्धे खाणीच्या भोंग्यावर गेले. १९७३ साली दगडी कोळशाच्या खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. पुढे उघड्या खाणी वाढत गेल्या आणि एकेका गावाची वावरे त्यांत जाऊ लागली.

आमची तीन वावरे होती. कागदावर त्यांना नंबर होते. आजीच्या तोंडी त्यांना नावे होती: चिंचेचं वावर, नाल्याचं वावर आणि हळदीचं वावर. आजीला अक्षर येत नव्हते, ती अंगठा उठवायची. पण रात्री जेवणे झाली की सपरीत बसून वाती वळता वळता ती वावरांच्या गोष्टी सांगे. कोणत्या साली ज्वारीवर पाखरे पडली, कोणत्या साली बंडीभर कापूस विकून काय आणले, गावात मानमोडीची साथ आली तेव्हा तिच्या सासरच्या घरात कितीजण गेले. ही मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. आजीने ती पाहिली नव्हती, सासूकडून ऐकली होती. पण सांगताना ती असे सांगे, जणू तिरड्या तिच्याच अंगणातून उठल्या.

मी ऐकायचो आणि झोपायचो. पुढे कॉलेजात गेलो आणि ऐकणेही सुटले. सुटीत घरी आलो की मातीचा सामू आणि नत्राचे प्रमाण यांवर मीच तिला व्याख्यान द्यायचो.

आमची वावरे खाणीसाठी संपादनात गेली, त्याच्या आदल्या उन्हाळ्यात आजी वारली. मोजणीला माणसे आली. झाडांची नोंद घेताना त्यांनी वडिलांना चिंचेचे वय विचारले. वडील माझ्याकडे पाहू लागले आणि मी वडिलांकडे. कागदावर वय अंदाजे पडले. आजी असती तर तिने आपल्या लग्नावरून, सासूच्या लग्नावरून बरोबर सांगितले असते. नुकसान पैशाचे झाले असेल नसेल, त्याचा हिशेब मी आता मांडत नाही. पण शेतीतला पदवीधर म्हणून मी त्या झाडाखाली उभा होतो आणि आपल्याच वावराबद्दल सांगण्यासारखे मला काही माहीत नव्हते. ही गोष्ट अजून सलते.

वाचकहो, चांद्याच्या खांडक्या बल्लाळशहाची गोष्ट आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. राजाच्या अंगावर गाठी होत्या, झरपटीच्या पाण्याने तो बरा झाला, सशाने कुत्र्याचा पाठलाग केला आणि राणीच्या सल्ल्याने त्या वाटेवर शहराचा कोट उभा राहिला. १८६९ साली मेजर लूसी स्मिथ या अधिकाऱ्याने चांदा जिल्ह्याच्या जमीन महसुलाच्या बंदोबस्ताचा अहवाल लिहिला, त्यातही गोंड राजांची हकीकत आली आहे. कागदावर येण्यापूर्वी अशा गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या तोंडातोंडी चालत आल्या होत्या. गोंड समाजात तर वंशाच्या कथा किंगरीवर गाऊन सांगणे हे परधानांचे कामच असे. बाबूराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात फाशी दिली. त्यांची आठवणही इथल्या माणसांनी आधी बोलण्यातून जपली, पुस्तके मागाहून आली. म्हणजे राजाची आणि वीराची गोष्ट टिकवायची रीत आपल्याकडे आहे. पण विहीर खोदणाऱ्या आज्याची आणि बी राखणाऱ्या आजीची गोष्ट टिकवायला कोणी परधान येत नाही. ते काम घरच्यांनाच करावे लागते.

कोणी म्हणेल, म्हाताऱ्यांच्या बोलण्याला कचेरीत कोण विचारतो? मलाही तसेच वाटायचे. गडचिरोली जिल्ह्यात बदली झाली तेव्हा माझा हा समज गेला.

वनहक्कांचा कायदा २००६ साली झाला आणि त्याचे नियम २००८ साली आले. जंगलाच्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्या माणसाजवळ कागद कुठून असणार? म्हणून नियमांत पुराव्यांची जी यादी आहे, तीत दावा करणारा सोडून गावातल्या इतर वडीलधाऱ्यांनी सांगितलेली आणि लिहून घेतलेली हकीकतही पुरावा म्हणून धरली आहे. ती एकटी पुरत नाही, यादीतले एकाहून अधिक पुरावे लागतात. पण म्हातारीच्या शब्दाला कायद्याने जागा दिली, हे काय कमी झाले? आदिवासी नसलेल्या कुटुंबांना तर १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा वास दाखवावा लागतो. पंचाहत्तर वर्षांमागचे गरिबाच्या घरात काय सापडणार? बहुतेक वेळा फक्त आठवण.

आरमोरी भागात अशाच एका ढीवर कुटुंबाच्या दाव्यासाठी ग्रामसभेत एका म्हाताऱ्या शेजारणीची हकीकत लिहून घ्यायची होती. अक्षर बरे म्हणून लेखणी माझ्या हाती आली. मी विचारले, "आजी, हे लोक किती वर्षांपासून कसतात?" ती म्हणाली, "वर्ष मले काय समजते?" सगळे गप्प झाले. मग शेजारच्या एका बाईने तिला म्हटले, "आजी, तुमच्या घरच्या बाया यांच्या बांधीत रोवण्याला जात होत्या ना? कोण कोण गेलं ते सांगा." आणि म्हातारी खुलली. "मी गेली. माजी सासू गेली. सासूच्या सासूनंबी ह्याच बांधीत रोवणा केला." ती बोटावर सासवा मोजत गेली, आणि तीन पिढ्या आमच्या डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या. लिहून झाल्यावर तिने मला सारे वाचून दाखवायला लावले आणि एक दुरुस्ती केली. बांधीची पार दावेदाराच्या आज्याने घातली असे मी लिहिले होते, ती आज्याच्या थोरल्या भावाने घातली होती. तो दावा पुढे मंजूर झाला. त्या तीन बांध्या आज त्या घरच्या नातवाच्या आणि नातसुनेच्या नावावर आहेत.

त्या दिवशी घरी येताना मला आमची चिंच आठवली. मी आजीला काहीच विचारले नव्हते, आणि विचारले असते तरी चुकीचेच विचारले असते. वर्षे विचारली असती.

आता तुमच्या मनात येईल, म्हातारी माणसे विसरतात, वाढवून सांगतात, त्याचे काय? खरे आहे. एका आजोबांनी मला छातीठोक सांगितले की त्यांची विहीर १९७२ च्या दुष्काळात खोदली. विहिरीच्या कठड्यावर सिमेंटमध्ये आकडे कोरलेले होते: १९६६. त्यांच्या मनात दोन दुष्काळ एक झाले होते. पण मुरूम किती हातांवर लागला, खडक कुठे सुरू झाला आणि झरा कोणत्या अंगाने आला, हे त्यांनी सांगितले ते गाळ काढताना तंतोतंत जुळले. हाताने केलेले काम माणूस सहसा विसरत नाही, आकडा विसरतो. यान व्हान्सिना नावाच्या बेल्जियमच्या इतिहासकाराने आफ्रिकेत राहून तिथल्या लोकांच्या तोंडी परंपरांचा अभ्यास केला आणि १९६१ साली त्यावर ग्रंथ लिहिला. तोंडी हकीकतही कागदासारखी पारखून घेतली तर इतिहासाला उपयोगी पडते, असे त्याने दाखवून दिले. बियाणे आपण उगवण तपासून पेरतो. तसेच हे.

आपल्याकडेही मोठी कामे झाली आहेत. साने गुरुजींनी बायकांच्या ओव्या गोळा करून छापल्या. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्याचे खंडामागून खंड काढले. हेमा राईरकर आणि गी पॉयटव्हाँ यांनी खेड्यांतल्या बायांना सोबत घेऊन जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. जाती घरातून गेली आणि गिरण्या आल्या. तेव्हा कोणी विचारले नसते तर त्या ओव्याही जात्यांबरोबर गेल्या असत्या. तुम्हाला एवढे करायचे नाही. तुम्हाला एक वही भरायची आहे.

कसे विचारावे, ते माझ्या अनुभवावरून सांगतो.

बसवून विचारू नका, हिंडवून विचारा. वावरात नेले, झाडाखाली उभे केले की माणसाला आपोआप आठवते. पाय चालत नसतील तर हातात एखादी जुनी वस्तू द्या. तिफण, पायली, जुनी तागडी, काहीही चालेल.

वर्ष विचारू नका. लग्न, बाळंतपण, पूर, दुष्काळ यांवरून विचारा. "तेव्हा मोठा पोरगा पाळण्यात होता की चालत होता?" असे म्हटले की वर्ष आपोआप निघते. आपल्या भागासाठी काही खुणा हाताशी ठेवा. १९५६ साली विदर्भ मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, १९७२ चा दुष्काळ, आणि १९८२ साली गडचिरोली जिल्हा वेगळा झाला.

बायांना वेगळे विचारा. पुरुषमाणूस समोर बसला की तोच बोलतो. बियाणे कशात राखत, कोणत्या भाजीने दुष्काळ काढला, घरात कोणते दुखणे आले, हे बायांनाच नेमके ठाऊक असते.

मध्ये दुरुस्ती करू नका. चूक वाटली तरी लिहून घ्या आणि नंतर दुसऱ्या जाणत्या माणसाला तेच विचारा. दोघांचे जुळले नाही तर दोन्ही लिहा. जुने पेरेपत्रक, हक्कनोंद, गावचा नकाशा मिळाला तर ताडून पाहा. विदर्भात निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज असे जुने दस्त असतात. गावाच्या चराईच्या, लाकूडफाट्याच्या, पाण्याच्या रूढी त्यांत लिहिलेल्या असतात. त्यांचेही वाचन करा.

शब्द त्यांचेच ठेवा. आजी "सरते" म्हणाली तर तुम्ही "बियाणे सोडण्याची नळी" असे लिहू नका. मोबाइलवर आवाज घेतला तर फारच उत्तम, पण परवानगी घेऊन. भाऊबंदकीचा वाद, कोणाच्या घरची जुनी लाज, जातीपायी सोसलेला अपमान, असे काही निघाले तर ते त्यांनी म्हटले तेवढेच ठेवा आणि चारचौघांत वाचू नका. प्रत्येक पानावर कोणी सांगितले, कुठे सांगितले आणि तारीख, एवढे लिहायला विसरू नका. शेवटी वाचून दाखवा. आरमोरीच्या त्या आजीसारखी ती माणसे तुमची चूक काढतील.

आणखी एक. सांगितलेली खूण आजही तशीच चालेल असे समजू नका. आमच्या नदीकाठी आता खाणीच्या मातीचे डोंगर उभे आहेत, नाले वळले आहेत. जुन्या खुणेवरून नव्या पाण्याची वाट शोधावी लागते. पण खूणच माहीत नसेल तर शोध सुरू कुठून करणार?

गेल्या दिवाळीत मी मुलीला माजरीला घेऊन गेलो होतो. खाणीच्या कुंपणाबाहेर उभे राहून मी हाताने दाखवले. इकडे चिंचेचं वावर होतं, त्या पलीकडे नाल्याचं, आणि तो मोठा खड्डा दिसतो तिथे हळदीचं वावर.

मुलीने विचारले, "बाबा, हळदीचं का?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि थांबलो. तिथे कधी हळद पिकत होती का? तसे असेल तर त्या वावराला बारमाही पाणी असले पाहिजे, आणि ते कुठल्या विहिरीचे, हे शेतीच्या माणसाला कळायलाच हवे. की कोणाच्या हळदीच्या दिवशी ते आंदण म्हणून मिळाले? माती तर काळी होती, म्हणजे रंगावरून नाव पडलेले नाही. वडील आता नाहीत. काकांना विचारले, तेही म्हणाले, "बुढी म्हणे, म्हणून आम्हीबी म्हणत होतो."

घरी येऊन मी वहीच्या पहिल्या पानावर तिन्ही नावे लिहिली. चिंचेच्या आणि नाल्याच्या वावरापुढे नावाचे कारण लिहिले. हळदीच्या वावरापुढची ओळ कोरी ठेवली आहे.

आज जेवणे झाली की तुमच्या सपरीतल्या खाटेपाशी जरा बसा, आणि वावराच्या नावापासून सुरुवात करा.